गळका हात

टेबलावर एक नवा कंडेन्सर होता, खोक्यासकट. एक जुना, खालच्या कोपऱ्यात तेलकट डाग पडलेला. दोन हिरव्या रबरी रिंगा, दोन बुचं, एक पाना आणि दाब मोजायचा मीटर. टेबलाभोवती तीन माणसं: गाड्यांचे एसी दुरुस्त करणारा मेकॅनिक, त्याची ताई आणि ताईचे यजमान, म्हणजे भावजी. भावजींचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान याच रस्त्यावर होतं.

मेकॅनिक मनातून इतका खूश होता की कधी नव्हे ते त्याने भावजींना स्वतःची खुर्ची दिली.

भावजींच्या दुकानातले कंडेन्सर एक उन्हाळाही टिकत नसत, एसीचा गॅस गळून जाई. गिऱ्हाईक तणतणत आलं की ते शांतपणे म्हणत, "माल एक नंबर आहे हो. आमच्या मेहुण्याचा हातच गळका." चोराच्या उलट्या बोंबा! मेकॅनिकने तिथून माल घेणं सोडलं, पण चिकटलेलं नाव सुटेना. टॅक्सीवाले लांबूनच ओरडत, "ए गळक्या!" एकदा तर भरल्या पंगतीत ताईच हसत म्हणाली, "त्याच्या हातात पाण्याचा जग देऊ नका, गळेल." त्या दिवशी तो अर्ध्या जेवणावरून उठला होता.

आज सकाळी ताईचा फोन आला. गाडीतून गरम हवा येतेय, मी घेऊन येते, यांना सांगितलेलं नाही. फोन ठेवल्याबरोबर मेकॅनिकने मागच्या फळीकडे पाहिलं. तिथे कंपनीचा अस्सल कंडेन्सर होता, त्याच मॉडेलचा. त्याने त्यावर गोणपाट टाकलं.

ताई येताना दुकानातून खोकं घेऊन आली आणि तिच्यामागे धापा टाकत भावजी.

"अगं, हा आपल्या गाडीचा नव्हे," ते म्हणाले.

मेकॅनिकने गाडीतला जुना काढला आणि नव्याशेजारी धरला. "भोकं जुळतात, नळ्यांची तोंडं जुळतात. जुळी भावंडं म्हणा की, भावजी."

"तरी कंपनीचाच मागवू. चार दिवस लागले तरी चालतील."

"का हो?" ताई म्हणाली. "आपल्या मालाला काय झालं?"

दारात चहा पीत उभे असलेले दोन टॅक्सीवाले पेल्यांसकट आत सरकले.

"मालाला काही नाही," भावजी घाईने म्हणाले. "पण याचा हात..."

"गळका," मेकॅनिकने वाक्य पुरं केलं. "खरंय. म्हणून मी हातच लावत नाही. पाना धरायला तुम्हीच शिकवलंत ना मला? बसवा. माल तुमचा, हातही तुमचा."

एक टॅक्सीवाला खिदळला. भावजींच्या तोंडचं पाणी पळालं.

आधी मेकॅनिकने नळ्यांच्या दोन्ही तोंडांना बुचं लावली, पंपाने आतली हवा ओढून घेतली आणि झडप बंद केली. काटा उणे एकोणतीसवर गेला. "बघ ताई, कुठे भोक असेल तर बाहेरची हवा आत शिरते आणि काटा शून्याकडे सरकतो." दहा मिनिटं सगळे काट्याकडे बघत बसले. काटा हलला नाही. "म्हणजे बाकीची गाडी ठणठणीत. आता फक्त खोक्यातलं उरलं."

भावजी कंडेन्सर बसवायला वाकले. रिंगा तेलात बुडवून बसवल्या, सांधे आवळले. हात जुना, सराईत होता. वाकल्या वाकल्याच ते पुटपुटले, "मिटव ना रे. घरातली गोष्ट आहे."

"नाव बाजारात ठेवलंत, भावजी," मेकॅनिक तितक्याच हळू म्हणाला. "घरात कसं मिटेल?"

पंप पुन्हा घरघरला. काटा उणे एकोणतीसवर आला, तशी मेकॅनिकने झडप बंद केली आणि तो चांगला चार पावलं मागे सरकला. दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"दहा मिनिटं झाली. ताई, आता तूच वाच. मोठ्याने."

ताईने चष्मा लावला. एकदा नवऱ्याकडे पाहिलं, मग मीटरवर वाकली.

"उणे तेरा."