नायनायची न तुटलेली नूडल

मित्रांनो, मी एक जुना पितळी सोऱ्या आहे. सांगण्यासारखं माझ्याकडे फार नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

चिपळूणच्या एका तांबटाने मला घडवलं. हेमाच्या सामानातून मी अबुधाबीला आलो. खलिफा सिटीच्या घरात कितीतरी दिवाळ्या चकल्या पाडल्या, कौतुक ऐकलं. पुढे तिने मला लेकीला, मनालीला दिलं. मनालीने गेल्या दिवाळीनंतर मला न धुताच कपाटात ढकललं. पीठ माझ्या आट्यांत वाळून बसलं. मी कुरकुरलो नाही. कदाचित कुरकुरायला हवं होतं.

मनालीचा नवरा वेई चिनी. त्याच्या आजीला सगळे नायनाय म्हणतात. तिच्या ऐंशीव्या वाढदिवसाला मनाली-वेईच्या अल रीम आयलंडवरच्या घरी कुटुंब जेवायला जमलं. अशा दिवशी त्यांच्यात एकच लांब नूडल खातात. ती तुटली, तर आयुष्याची दोरीच तुटली म्हणायची. त्यातून नायनाय नुकतीच हॉस्पिटलमधून आलेली, आणि नूडलचं काम मनालीने अंगावर घेतलेलं. हाताने ओढलेल्या सगळ्या तुटल्या. वेईची आत्या म्हणाली, खाली सुपरमार्केटमध्ये पाकिटं मिळतात. तेव्हा हेमाने मला कपाटातून बाहेर काढलं, पोटात पीठ भरलं.

उकळत्या पाण्यावर ती मला फिरवू लागली. चकलीसारखी काटेरी नूडल उतरू लागली. तोच सवयीने हेमाचं बोट तुकडा तोडायला खाली आलं.

"आई, नो. बोट नको." मनालीने तिचं मनगट धरलं.

आणि मी अडकलो. तेच वाळलेलं पीठ! अर्धी नूडल पाण्यात शिजून जड होत होती, अर्धी माझ्या पोटात.

"जोर नको लावू," हेमा स्वतःशीच पुटपुटली. "हिसका बसला की खलास."

आत्या दारात उभी होती. तिला बाजूला सारून नायनाय काठी टेकत आत आली. तिने चॉपस्टिकच्या टोकाने माझ्या आट्यांवर तिळाचं तेल सोडलं, जरा थांबली आणि माझी मूठ हळूच फिरवली. मी फिरलो.

टेबलावर कुणी घास घेईना. नायनाय न चावता नूडल ओढायची, थांबायची, पुन्हा ओढायची. शेवटचं टोक ओठांत गेलं, तेव्हा कुठे आत्याने श्वास सोडला.

मग नायनाय काहीतरी बोलली. वेईने हसू दाबत मनालीला अर्थ सांगितला, "विचारतेय, ह्या म्हाताऱ्याला शेवटची आंघोळ कधी घातली होती?"

जेवणं झाल्यावर मनालीने जुन्या टूथब्रशने माझे आटे घासले.

मित्रांनो, काम झालं की आम्हाला धुऊनपुसून ठेवत जा. कुणाची दोरी कधी आमच्या हाती येईल, सांगता येत नाही.