तळाला टेकू द्या

"हे गुलाबी!" मुलगी म्हणाली आणि काचेला नाक लावून पुन्हा म्हणाली, "बाबा, गुलाबीच हवं."

"अगं, गुलाबी मासा बघितलायस का कधी?" चष्मेवाला बाप हसला. "काकूंना विचार आधी. ताई, आम्ही दोघंही अगदी कोरे आहोत बघा. कोणतं आमिष घ्यायचं आणि ते टाकायचं कुठे, दोन्ही तुम्हीच सांगा. तळ्यावर सगळे म्हणतात, दुकानातल्या वहिनींना विचारा, त्यांचा शब्द खाली पडत नाही."

काउंटरमागच्या बाईंनी वरचा खण उघडला. रबरी अळ्या, पितळेचे छोटे चमचे, पाण्यात गरगर फिरणाऱ्या फिरक्या, लाकडाचे रंगवलेले बोटभर मासे, सगळं आपापल्या कप्प्यात नीट निजलेलं होतं. त्यांचा हात त्यावरून फिरला, थांबला आणि खण बंद झाला. मग त्या वाकल्या आणि सर्वांत खालच्या खणातून शिशाच्या डोक्याचं, लांब रबरी शेपटीचं एक जडशीळ आमिष त्यांनी काढलं. त्याचा तीन आकड्यांचा गळ माणसाच्या करंगळीएवढा होता. शेपटी गुलाबी होती.

"हे घ्या. रंगही हिच्या मनासारखा आहे."

"केवढं जड आहे हो!"

"जडच लागतं. समोर त्या बंद कारखान्याचं धुराडं दिसतंय ना, त्याच्या रोखाने होडी न्या. निम्म्यावर गेलात की पाणी काळं दिसेल. तिथे पूर्वी दगडाची खाण होती. तिथे सोडा. दोरी सैल पडली की समजायचं, तळ लागला. तळाला टेकू द्या, मग हळूहळू तळावरून ओढत आणा. घाई करू नका."

"मोठा असेल?" मुलीने विचारलं.

"असेल."

मुलीला तरंगतं जाकीट त्यांनी स्वतः घातलं. पट्टे ओढले, पुन्हा ओढले, बोट आत घालून पाहिलं आणि तिसऱ्यांदा ओढले. "काकू, दुखतंय," मुलगी कुरकुरली, तेव्हा कुठे त्यांनी हात काढला. दारावरची घंटी वाजली आणि बापलेक धक्क्याकडे गेले.

दाराशेजारी फळा होता. त्यावर त्यांच्याच अक्षरात सकाळचं लिहिलेलं होतं: आजचं पाणी, काठाला बारा अंश.

बाकावर मास्तर बसले होते. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना आठ वर्षं झाली होती, पण रोज सकाळी हजेरी लावल्यासारखे ते दुकानात येत. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, फळा वाचला, दाराबाहेर पाहिलं आणि काहीच बोलले नाहीत. मास्तर गप्प बसले की ते रागावलेत, हे गावातल्या तीन पिढ्यांना ठाऊक होतं.

बारा अंश म्हणजे काय, हे वहिनींना कुणी सांगायला नको होतं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी हे दुकान नवऱ्याच्या बरोबरीने चालवलं होतं. थंडी सरून पाणी बारावर आलं की पट्टेरी मासा खोल पाणी सोडतो आणि अंडी घालायला उथळाला येतो. पूर्वेच्या लव्हाळ्यांत, काळ्या चिखलावर, कमरेएवढ्या पाण्यात. तेव्हा हलकं आमिष हवं, लहान हवं, पाणी गढूळ असेल तर पिवळं आणि नितळ असेल तर रुपेरी. नवरा म्हणायचा, "मासा काय खातो ते विचारू नकोस. आज त्याच्या अंगात किती जीव आहे ते विचार. अंग गारठलेलं असलं तर तो ताटातलंसुद्धा उचलणार नाही. त्याच्या तोंडासमोरून इतकं हळू ने, की त्यालाच लाज वाटून त्याने तोंड उघडावं." गिऱ्हाइकं हसायची. आणि मासे घेऊन परत यायची. त्या माणसाचा एकच नेम होता. दुकान चालो न चालो, खोटी जागा सांगायची नाही. स्वतःची राखून ठेवलेली जागासुद्धा तो विचारणाऱ्याला सांगून मोकळा व्हायचा. वहिनी चिडायच्या, तर म्हणायचा, "अगं, तळं काय माझ्या बापाचं आहे?"

गेल्या थंडीच्या तोंडाशी, भाड्याच्या होड्या काठावर ओढून घ्यायच्या दिवसांत, एक होडी दावं तुटून वाहत गेली. ती आणायला तो एकटाच गेला. "हा आलोच," म्हणाला. जाकीट खुंटीवरच राहिलं. दुपारी दोन्ही होड्या खाणीच्या अंगाला एकमेकींना टेकून उभ्या सापडल्या. तो सापडला नाही.

पाणबुडे नऊ दिवस उतरत होते. त्यांचा म्होरक्या भला माणूस होता. जाताना दुकानात येऊन उभा राहिला. चहा दिला तर कप नुसता हातात धरून बसला. "ताई, खोटं सांगत नाही. खाणीचा खड्डा सात-आठ पुरुष तरी खोल आहे, शिवाय कडांना कपारी. आमची माणसं त्या कपारींत नाही जाऊ शकत. उन्हं तापली की पाण्यातलं माणूस वर येतं, पण तिथल्या तळाला थंडी बारमाही. तिथून कुणी आपणहून वर येत नाही."

कागदावर लिहिलं गेलं, बेपत्ता.

सासूबाई दुकानामागच्या खोलीत असत. ब्याऐंशीची बाई, दृष्टी गेलेली, जीभ शाबूत. तो कागद वाचून दाखवला तेव्हा म्हणाल्या, "बेपत्ता कसला मेला? पत्ता तर ठाऊक आहे आपल्याला." आणि जरा वेळाने म्हणाल्या, "मिळाला की सांग मला. तोवर माझ्यापुढे रडायचं नाही. मीही नाही रडत." तेव्हापासून त्या दोघी बायका एका खोलीत न रडता राहत होत्या. रोज पहाटे वहिनी देवापुढे हात जोडत आणि एवढंच म्हणत, परत दे असं नाही म्हणत रे. नुसता दाखव.

मग पाणी तापू लागलं, गिऱ्हाइकं येऊ लागली, आणि पहिल्याच आठवड्यात एका परक्या माणसाने विचारलं, "मासा कुठे?" वहिनींच्या तोंडून निघून गेलं, "खाणीकडे." जीभ भाजल्यासारखी झाली. पण तो माणूस गेला आणि त्या दिवसभर धक्क्याकडे बघत राहिल्या. पुढच्याला सांगताना तेवढं भाजलं नाही. आता महिना होत आला होता. खालच्या खणातली जड आमिषं संपली, पुन्हा मागवली, पुन्हा संपत आली.

लोक रिकाम्या हाताने परतत. टॅक्सीवाला तर परवा काउंटरवर कोपर टेकून म्हणाला होता, "वहिनी, तिसरा रविवार हा! बायको विचारते, तळ्यावर जाता की आणखी कुठे? एखादा मासा तरी दाखवा म्हणते पुराव्याला." सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत. "काही अडकलं का?" त्यांनी विचारलं. "अडकतंच हो, दगडधोंडे." "दगड की मऊ काही? ओढलं तर थोडं सोबत आलं का? सुटलं ते गळ सरळ होऊन की फाटून?" टॅक्सीवाला गोंधळून बघत राहिला. मास्तर तेव्हाही याच बाकावर होते.

आता मास्तर उठले. काठी टेकत काउंटरपाशी आले.

"वहिनी, बारा अंश लिहिलेत फळ्यावर."

"हो."

"आणि लेकराला खाणीकडे धाडलंत."

वहिनी खण आवरू लागल्या. आवरण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"त्या टॅक्सीवाल्याला काय काय विचारलंत, ते ऐकल्यापासून दोन रात्री झोप नाही मला," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "तुमचं दुःख मला कळत नाही असं नाही. तो माझा मित्र होता. पण आम्हाला सांगितलं असतंत तर आम्ही जाणूनबुजून गेलो असतो. म्हातारेकोतारे आहोत, सोसलं असतं. या लोकांना तुम्ही न सांगता पाठवताय."

"सांगितलं असतं तर कोण गेलं असतं, मास्तर? नऊ दिवसांत माणसं थकली. तुम्ही तरी पुन्हा गेलात का?"

मास्तरांनी मान खाली घातली. ते गेले नव्हते, हे खरंच होतं.

"नाही गेलो," ते म्हणाले. "पण एक सांगा. त्या पोरीच्या गळाला काय लागावं असं वाटतंय तुम्हाला?"

वहिनींनी खण लावला. तो पुरता लागला नाही. काउंटरची फळी उचलून त्या बाहेर आल्या तेव्हा पायात चपलाही नव्हत्या.

थंडीपासून त्या होडीत बसल्या नव्हत्या. दाव्याची गाठ सुटेना, तेव्हा मास्तरांनी मागून येऊन सोडवली आणि होडीला काठीनेच ढकललं. वल्ही मारता मारता वहिनींना धाप लागली. पाठमोरं वल्हवायचं, म्हणून मागे वळून वळून बघावं लागत होतं. धुराडं, काळं पाणी, मधोमध ती होडी आणि होडीच्या कडेला ओणवं झालेलं नारिंगी जाकीट.

"काकूऽऽ! लागला! खूप मोठा लागलाय!"

"मासा नाही वाटत हो, ताई!" बाप ओरडला. गळाची काठी त्याने होडीत टाकली होती आणि दोरी हाताला रुमाल गुंडाळून तो हातानेच ओढत होता. "हिसका देत नाही अजिबात. पण येतंय! हळूहळू येतंय!"

दगड येत नाही. ओंडका फांदीने अडतो, सुटतो, मग गिरकी घेतो. अठ्ठावीस वर्षांत दोरीच्या टोकाला काय काय असतं ते त्यांनी हजारदा ऐकलं होतं. हे तसलं काही नव्हतं. दोरी ताठ, सरळ खाली गेली होती आणि वीत वीत वर येत होती, झोपमोड झालेल्या माणसाचा हात धरून उठवावं आणि त्याने नाइलाजाने उठावं, तशी.

"सोडा ती," वहिनी म्हणाल्या, पण धापेत आवाज तिथवर पोचला नाही.

"बाबा, मला दिसतंय!" मुलगी आणखी वाकली. "निळं आहे काहीतरी. निळं निळं!"

त्या सकाळी तो निळा स्वेटर घालून गेला होता. कोपरावरचं ठिगळ वहिनींनीच लावलेलं होतं, दुसऱ्याच निळ्या लोकरीचं.

होडी होडीवर आपटली. प्रत्येक होडीत फळीखाली सुरी बांधलेली असे. ती वहिनींच्या हाती आपसूक आली. एका हाताने त्यांनी मुलीची हनुवटी धरली, तोंड आपल्याकडे वळवलं आणि घट्ट तसंच धरलं. दुसऱ्या हाताने दोरी कापली.

टण् असा बारीक आवाज झाला. बाप मागे फळीवर बसला.

त्यांनी खाली पाहिलं नाही. मुलीच्या तोंडाकडेच पाहत राहिल्या. त्या डोळ्यांत आधी नवल, मग पाणी, मग चक्क राग आला.

"काकू, माझा मासा!"

"मासा नव्हता गं बाळ. पिंप होतं. कारखान्याचं जुनं पिंप." वहिनींच्या ओल्या बोटांचे ठसे तिच्या गालावर उमटले होते. ते त्यांनी पदराने पुसले. "चुकलं माझं. मी चुकीची जागा सांगितली तुला."

"पण ताई, वर तरी येऊ द्यायचं..." बाप बोलायला लागला. त्याने वहिनींचं तोंड पाहिलं आणि हातावरचा रुमाल सोडवू लागला.

"आता नीट ऐका," त्या म्हणाल्या. आवाज दुकानातल्यासारखा, समजावणारा. "पूर्वेला लव्हाळी दिसतात ना, तिथे जा. वारा दोन दिवस तिकडेच वाहतोय, उन्हाने तापलेलं वरचं पाणी तिथे जमलं असेल. गेल्या सालची वाळकी लव्हाळी जिथे मोडून पडलीत, त्याच्या अगदी काठाला. तुमच्या डबीत पिवळी फिरकी असेल, दुकानातून होडीबरोबर देतो आम्ही ती. ती लावा. टाकायची आणि दहापर्यंत मोजून मग सावकाश ओढायची. मोजशील ना गं?"

मुलीने नाक ओढत मान हलवली.

"पोटात अंडी असलेली मादी लागली तर परत सोड हं. पोट हाताला टच्च लागेल."

होडी दूर गेली. वल्ह्यांचा आवाज गेला. मग वहिनींनी खाली पाहिलं. काळं पाणी होतं आणि त्यावर ढगाचा एक पांढरा तुकडा.

त्यांनी धुराड्याचा रोख धरला, मागे वळून धक्क्याचा धरला. इथेच. इथेच कुठेतरी. पण दोन्ही होड्या आपटताना सरकल्या होत्या, मघा बोलताना आणखी सरकल्या असतील, आणि आत्ता, या क्षणीही, होडी वाऱ्याने हळूहळू पुढे चालली होती. त्यांनी वल्ही मारून मागे घेतली. पुन्हा पुढे गेली. पुन्हा मागे घेतली. टाकायला नांगर नव्हता, बांधायला दोरी नव्हती. पाणी सगळीकडे सारखंच होतं. पाणबुड्यांना काय सांगणार? आठ वर्षांच्या मुलीला काहीतरी निळं दिसलं होतं म्हणून? आणि पिंपंही निळी असतात.

सासूबाईंना काय सांगायचं, हे तर त्यांना सुचेचना.

धक्क्यावर मास्तर उभे होते. त्यांनी हात वर केला. वहिनींनी केला नाही.

मग पूर्वेकडून पाण्यावरून एक किंकाळी आली, आनंदाची, आणि पाठोपाठ बापाचं हसणं. "पट्टे आहेत! बाबा, पट्टे!" लव्हाळ्यांतून दोन पक्षी उडाले.

वहिनी होडीच्या कडेला वाकल्या. बाही वर सरकवून हात त्यांनी कोपरापर्यंत पाण्यात घातला. वरच्या वीतभर पाण्याचा गारठा मोडला होता. बोटं जिथे पोहोचली होती, तिथून थंडी सुरू होत होती. त्या तशाच वाकून राहिल्या, आणि होडी सरकत राहिली.