एकट्याला अर्धी वाटी

"झाकण काढू नकोस."

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि धाकट्याचा हात पातेल्याच्या झाकणावर होता.

"काढत नाहीये. नुसता हात ठेवलाय."

"हात ठेवायला घरात दुसरी जागा नाही का? अजून चार मिनिटं आहेत. भातालाही जरा एकांत लागतो."

धाकट्याने हात मागे घेतला आणि मनगटावरच्या घड्याळात पाहिले. चार नव्हे, साडेतीन मिनिटे उरली होती. पण ते बोलून दाखवण्यात अर्थ नव्हता. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीही या घरात तो धाकटाच होता. ताई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून तिची उभी हयात गेली होती. नवरा गेला तेव्हा "आठ दिवस राहते" म्हणून ती धाकट्याकडे आली, त्याला आता बारा वर्षे होत आली होती. त्याचे स्वतःचे लग्न दोनदा जमता जमता राहिले आणि मग त्या विषयाची वाफ आपोआपच निघून गेली.

धाकटा शहराच्या पाणीपुरवठा विभागाच्या प्रयोगशाळेत सहायक होता. चौतीस वर्षे त्याने एकच काम निष्ठेने केले होते. रेघा आखलेल्या लांब काचेच्या नळीतून खालच्या पाण्याच्या नमुन्यात एकेक थेंब सोडायचा आणि लालसर पाणी ज्या एका थेंबाने निळे होते, तिथे तोटी बंद करायची. त्या थेंबाच्या अलीकडे पाणी खोटे आणि पलीकडे माणूस खोटा, असे तो म्हणे. तिथे सगळे त्याला थेंबकाका म्हणत, आणि त्यात थट्टेपेक्षा आदर जास्त होता.

असा माणूस तीन दिवस एका भाताशी झटत होता.

कारण ताईच्या लेकीला आठवा महिना लागला होता आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायची मनाई केली होती. आई हवी म्हणून ती रोज फोन करत होती. ताईचा जीव तिकडे लागला होता आणि पाय इकडे अडकला होता. गेल्या वर्षी ती आठच दिवस लेकीकडे गेली, तर धाकट्याने ते आठ दिवस चहा-बिस्किटांवर काढले आणि सहाव्या दिवशी प्रयोगशाळेत भोवळ येऊन पडला. तेव्हा आता तिने अट घातली होती.

"एक पदार्थ. फक्त एक. पण तो नीट करून दाखव, मग मी तिकीट काढते. रोज हा लिंबाचा भात केलास, तरी शेजारी अंडं उकडून घे, शेंगा वाफवून घे, काहीही चालतं. पंचवीस मिनिटांचं काम आहे. तुझ्यासारख्या शिकलेल्या माणसाला तीस."

धाकट्याला मात्र याच्या पुढचेही ठाऊक होते. भाचीचा फोन ताईने नेहमीप्रमाणे स्पीकरवर ठेवला होता आणि तो शेजारच्या खोलीत होता. "आणि नंतर परत जायचं नाही हं आई. तुझी खोली रंगवून घेतलीय." यावर ताई "बघू" म्हणाली होती. ताईचे "बघू" म्हणजे निम्मा होकार, हे त्याला लहानपणापासून माहीत होते.

पहिल्या संध्याकाळी त्याने गॅसवरच्या उकळत्या भातात लिंबू पिळले आणि सालही किसणीवर पांढऱ्या गाभ्यापर्यंत घासली. भात कडू झाला. "लिंबू गॅस बंद केल्यावर," ताई म्हणाली. "आणि साल किसताना नुसता पिवळा रंग उतरवायचा. खालचं पांढरं म्हणजे लिंबाचा राग असतो." दुसऱ्या संध्याकाळी तो निरीक्षणासाठी पाच वेळा झाकण काढून पाहत राहिला. वाफ निघून गेली आणि दाणे अर्धेकच्चे राहिले. दोन्ही चुका प्रामाणिक होत्या.

आज तिसरी संध्याकाळ.

साडेतीन मिनिटे भरली. गॅस बंद झाला. "आता दहा मिनिटं त्याच्या वाटेला जायचं नाही," असे बजावून ताई वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली. धाकट्याने दहा मिनिटे खरोखरच ओट्यापासून दोन हात लांब उभे राहून काढली. मग झाकण उचलले.

भात फुलला होता. लोण्यावर परतलेले दाणे एकमेकांना खेटून होते, पण चिकटलेले नव्हते. त्याने काट्याने ते हलकेच मोकळे केले, किसलेली पिवळी साल भुरभुरली, लिंबू पिळले, बिया बोटांच्या फटीत अडवल्या, मिरेपूड घातली आणि बारीक चिरलेली कोथिंबीर वरून टाकली. सगळा ओटा वासाने जागा झाला. त्याने चार शिते जिभेवर ठेवली.

बरोबर होते. आंबट जिथे यायला हवे तिथेच आले होते आणि तिथेच थांबले होते. आणखी एक थेंबही नको होता, एक कमीही चालला नसता. त्याला अत्यंत आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ दुसरे काहीतरी आत शिरले. हा भात ताईने खाल्ला की ती तिकीट काढणार. मग या ओट्याशी कोणी "हात ठेवायला दुसरी जागा नाही का" असे विचारणार नाही.

जिन्यावर ताईची पावले वाजली. धाकट्याने मिठाचा डबा उघडला, सपाट भरलेला एक चमचा भातात टाकला आणि काट्याने नीट, सगळीकडे सारखा मिसळला. ते कामही त्याने व्यवस्थितच केले.

जेवताना ताईने पहिला घास खाल्ला, थोडी थांबली आणि पाण्याचा पेला जवळ ओढला.

"मीठ दोनदा पडलं वाटतं."

"हो का? गडबडीत पडलं असेल."

"गडबडीत," ती म्हणाली. पलीकडच्या माणसाने सांगितलेला नंबर खात्रीसाठी परत उच्चारायची तिची जुनी सवय होती. मग तिने ताटातला भात संपवला आणि तीन पेले पाणी प्यायली.

"टाकून दे ना ताई. कशाला खातेस?"

"टाकायला काय झालंय? माणसानं केलेलं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा बूट घालत असताना फोन वाजला. भाचीचा होता, नेहमीसारखा स्पीकरवर. रात्री पाय सुजले होते, नवरा कामावर निघून गेला होता, शेजारीण येऊन पाणी देऊन जाते म्हणाली. ताई ऑपरेटरच्या ठेवणीतल्या, न हलणाऱ्या आवाजात बोलत होती.

"उशी पायाखाली घे. दोन घे. हो. अगं येणार आहे, नाही कशी येईन? आणखी आठवडाभर दम काढ. मामाला जमत नाहीये अजून. नाही, तो काही मुद्दाम करतोय का? प्रयत्न करतोय बिचारा."

धाकट्याने दुसऱ्या बुटाची नाडी दोनदा बांधली आणि डबा न घेताच बाहेर पडला.

प्रयोगशाळेत त्या दिवशी पूर्वेकडच्या टाकीच्या पाण्याचे नमुने आले होते. प्रमुख रसायनतज्ज्ञ बाई त्याच्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान होत्या, आणि त्याच्या हातावर त्यांचा स्वतःच्या हातापेक्षा जास्त विश्वास होता. दुपारी त्या कागद घेऊन त्याच्या टेबलाशी आल्या.

"काका, दोन आकडे जुळतात. तिसरा जरा वर गेलाय. सोडून देऊ या का तो? नाहीतर पुन्हा नमुना मागवा, पुन्हा करा. दुपार जाईल सगळी. आणि मला आज लवकर निघायचंय."

"बाई, तुम्हाला लवकर जायचंय हे पाण्याला माहीत नसतं," धाकटा नळीकडे पाहत म्हणाला. "त्याला जे सांगायचं ते ते सांगून मोकळं होतं. आपल्याला जे ऐकायचंय ते त्याच्या तोंडी घालायचं नाही."

बाई हसल्या. "हे मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावते. खाली तुमचं नाव."

धाकटा हसला नाही. तोटीवरचा त्याचा हात तसाच राहिला आणि नमुना लालचा निळा होऊन कितीतरी पुढे गेला तरी त्याच्या लक्षात आले नाही. बाईंच्या आले. त्यांनी पुढे होऊन तोटी बंद केली.

"काका, बरं नाही का वाटत? जेवलात ना?"

"डबा विसरलो."

"तुम्ही?"

त्यांनी आपल्या डब्यातली अर्धी पोळी त्याच्यापुढे ठेवली आणि तो खाईपर्यंत तिथून हलल्या नाहीत. नमुना त्याने पुन्हा मागवला. तिसरा आकडाच खरा निघाला.

संध्याकाळी घरात शिरल्या शिरल्या त्याने हात धुतले आणि स्वयंपाकघरात जाऊन तांदळाचा डबा खाली घेतला.

"आज तू आत येऊ नकोस," तो म्हणाला.

"मी आपली दारात उभी राहते."

"दारातही नको. खुर्चीत बस."

"बघा, गुरूला हाकललं," असे म्हणत ताई बाहेर खुर्चीत बसली आणि वर्तमानपत्र उघडून कान आत लावून राहिली.

एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी, मीठ एकदाच. लोणी वितळले, दाणे कडेने काचेसारखे पारदर्शक झाले आणि मध्ये पांढरा ठिपका राहिला. पाण्याला उकळी आली तसा त्याने गॅस बारीक केला, झाकण ठेवले आणि हात पाठीमागे बांधले. आतून फक्त पुटपुटल्यासारखा आवाज येत होता. तो थांबला तेव्हा धाकट्याने गॅस बंद केला आणि पुढची दहा मिनिटे लिंबाची साल किसत काढली. पिवळे तेवढेच उतरवले, पांढऱ्याला धक्का लावला नाही. अंडी सोलली, शेंगा वाफवल्या. लिंबू पिळून झाल्यावर चार शिते जिभेवर ठेवली. मिठाचा डबा शेजारीच होता. त्याने तो झाकण घट्ट लावून वरच्या फळीवर ठेवला.

ताईने पहिला घास घेतला. दुसरा घेतला. धाकटा स्वतः न जेवता तिच्या तोंडाकडे पाहत होता.

"असा पाहू नकोस, घास अडकेल," ती म्हणाली. आणि तिसऱ्या घासानंतर, "छान झालाय. माझ्यापेक्षा सरस झालाय. माझं आंबट कधीकधी पुढे पळतं."

"मग काढ तिकीट."

"काढते."

धाकट्याने आपले ताट पुढे ओढले. मग ताई ताटातल्या शेंगा एका बाजूला सारत म्हणाली, "काल मुद्दाम खारवला होतास."

धाकट्याला नाही म्हणता आले असते. "हो," तो म्हणाला.

"वाटलंच मला. एक थेंब जास्त पडला तर तुला रात्री झोप येत नाही, आणि म्हणे चमचाभर मीठ गडबडीत पडलं."

"मग काल बोलली का नाहीस? सकाळी तिलाही सांगितलंस, मामा मुद्दाम करतोय का म्हणून."

ताईने एक शेंग उचलली, ती पुन्हा ताटात ठेवली.

"मलाही एक दिवस हवा होता," ती म्हणाली.

जेवण झाल्यावर तिने तिथूनच फोन लावला. शुक्रवारी येते म्हणून सांगितले. पलीकडून आनंदाचा आवाज आला, मग प्रश्न आला. "जमलं गं मामाला," ताई म्हणाली. "जरा जास्तच चांगलं जमलं. आता आपण गेलो तरी चालतंय म्हणायचं."

धाकट्याने ताटे धुतली, पुसली आणि पेन्सिल-कागद घेऊन तिच्यासमोर येऊन बसला. प्रयोगशाळेत कृती लिहितात तसा त्याने सगळा क्रम लिहून काढला होता.

"तपासून दे. एकच राहिलंय. हे माप दोघांचं आहे. एकट्याला किती?"

ताईने चष्मा लावला. चाळीस वर्षे कोणी कुठलाही नंबर विचारला तरी तो तिच्या ओठांवर असे. आता तिने कागदाकडे पाहिले, मग ओट्याकडे, मग पुन्हा कागदाकडे.

"अर्धी वाटी," ती म्हणाली. "पाणी एक. लिंबू अर्धं पुरेल."

"उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं?"

"बशीत पालथं घालून ठेव. दुसऱ्या दिवशी चालतं."

त्याने तेही लिहिले आणि कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. मागून स्टूल सरकवल्याचा आवाज आला. ताई माळ्यावरची बॅग काढायला निघाली होती.

"उतर खाली," धाकटा म्हणाला. "पडशील, मग काय मी तिथे जाऊन तिचं बाळंतपण करू?"

"भात तरी देशील करून."

त्याने बॅग खाली काढली. वरचा धुळीचा थर आधी ओल्या फडक्याने पुसला, मग कोरड्याने. चेन शेवटपर्यंत ओढून पाहिली. एक चाक कुरकुरत होते. त्याने स्वयंपाकघरातून चमच्याच्या टोकावर जरासे तेल आणले, चाकाच्या आसाला लावले आणि ती रिकामी बॅग स्वयंपाकघरापासून बाहेरच्या दारापर्यंत ओढत नेली, तिथून परत आणली. दुसऱ्या खेपेला कुरकुर कमी झाली. तिसऱ्या खेपेला आवाज पूर्ण थांबला. त्यानंतरही त्याने आणखी एक फेरी मारली.