दारं धरली तर

"नवं दार फरशीला घासतंय," बायको म्हणाली. "केवढं जडशीळ आहे हे! कुठून मागवलंत?"

"बाहेरच्या देशातून आलंय. अस्सल कठीण लाकूड!" पट्टीकाका कौतुकाने म्हणाले आणि कुठे घासतंय ते बघायला वाकले. दाराच्या कडेला परदेशी कारखान्याचं लेबल होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

काका आकडेवारी खात्यात होते. आलेख संगणकाने काढला तरी त्यावर पट्टी ठेवून बघायचे, म्हणून हे नाव. उष्ण प्रदेशांतलं कठीण लाकूड आपण किती आणतो आणि शेजारचा देश किती आणतो, याचा वीस वर्षांचा आलेख त्यांनी नुकताच पुरा केला होता. आपली हिरवी रेषा उतरत गेली होती, शेजाऱ्यांची लाल चढत. साहेब इतके खूश होते की काकांच्या मुदतवाढीवर आज सही करणार होते. निवृत्ती तोंडावर आली होती, आणि घरी बसायच्या नुसत्या विचाराने काकांना धडकी भरायची.

दुपारी तो आलेख शेजारच्या देशाच्या पाहुण्यांपुढे लागायचा होता, आणि त्यात हे दार नव्हतं. ते घाईघाईने ऑफिसला पोचले, घरसामानाचे आकडे चाळले आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, आपल्या रेषेत दारं नाहीत."

"रेषेत दारं कशी असतील, काका?"

"आपण फक्त ओंडके आणि फळ्या मोजतो. तयार दारं, खिडक्या, टेबलं घरसामानात जातात. शेजारी मात्र सगळं लाकडातच धरतात. दारं धरली तर आपली रेषा उतरत नाही, साहेब. त्यांच्याही वर जाते."

साहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं. "मुदतवाढ हवीय ना? मग दाराला दार म्हणा. त्याला लाकूड कशाला म्हणता?"

काका जागेवर येऊन बसले. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, एवढंच त्या आलेखाने केलं होतं, आणि तो त्यांच्या हातचा होता. गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. याचीच त्यांना जास्त भीती वाटली. त्यांनी शेजारच्या टेबलावरून घरसामानाचे आकडे पुन्हा मागून घेतले. अंदाजाची रेषा तुटक काढायची, ही खात्याची रीत. सभागृहात टांगलेल्या आलेखावर त्यांनी पट्टी ठेवली. हिरव्या पेनाने तुटक रेषा ओढली.

पाहुण्या बाई आलेखापुढे थांबल्या. "ही हिरवी तुटक रेषा कसली?"

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. काका पुढे झाले.

"आमची दारं," ते म्हणाले.

संध्याकाळी बायकोने दार उघडलं. ते अजून घासतच होतं. "झाली का सही?"

काकांनी चपला काढल्या आणि माळ्यावरचा जुना रंधा खाली घेतला. "दार उतरवायला जरा हात लाव. आता वेळच वेळ आहे."

तिने पदर खोचला आणि दाराची दुसरी बाजू धरली.