मामासाठी घेतलेला फेटा

खरं तर हे मी कोणाला सांगायचं नव्हतं. शिवकांताबाईंनी मला गोधड्यांच्या घडीत लपवताना बजावलं होतं, "गप पडून राहा. कुणाला कळू द्यायचं न्हाई." मी गप्प राहिलोही. पण ज्यांच्यापासून लपवायचं होतं त्यांनाच आता सगळं माहीत झालं आहे, म्हणून बोलतोय.

मी एक फेटा आहे. रंग डाळिंबी, काठ जरीचा. माझा जन्म कुठल्याशा यंत्रमागावर झाला, पण गाव मला ठाऊक नाही. गठ्ठ्यात बांधलेल्यांना रस्ता दिसत नाही. मला आठवतं ते नांदेडच्या कापडबाजारातलं दुकान. तिथे भगव्या फेट्यांची मोठी थप्पी होती. ते डझनाने विकले जायचे. मी मात्र काचेच्या कपाटात एकटाच होतो.

शिवकांताबाई भोकरहून एकट्याच आल्या होत्या. त्यांनी मला हातात घेऊन दुकानदाराला विचारलं, "कपाळ लहान असलं तर बसंल का हो?"

"बाई, फेटा हाय हा, चप्पल न्हाई. कसल्याबी डोक्याला बसतो."

त्या हसल्या नाहीत. पैसे देताना त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं, जणू दुकानात कोणी ओळखीचं असेल.

ते लहान कपाळ त्यांच्या भावाचं, आदिनाथमामांचं होतं. आदिनाथमामा लातूरकडच्या मुरुडचे. बहीण-भावात भांडण नव्हतं, भांडण मामा आणि शिवकांताबाईंचे यजमान सटवाजी यांच्यात होतं, आणि तेही एका टॉवेलावरून. काही वर्षांपूर्वी भोकरच्या घरातल्या एका लग्नात सटवाजींनी मेहुण्याला टॉवेल-टोपीचा आहेर केला. मामांनी घरी जाऊन घडी उलगडली, तर टॉवेलाच्या कोपऱ्यावर हिरव्या दोऱ्याची टीप दिसली. ती त्यांच्याच बायकोने घातलेली होती. म्हणजे तो टॉवेल त्यांनीच आधी त्याच घराच्या वास्तुशांतीला दिला होता, आणि तोच फिरून त्यांच्याकडे आला होता.

"आमचाच टॉवेल आमच्याच गळ्यात?" मामा फोनवर म्हणाले.

"आहेर फिरतच असतो. त्यात काय एवढं?" सटवाजी म्हणाले.

मला वाटतं, टॉवेलापेक्षा ते 'त्यात काय एवढं' मामांना जास्त लागलं. त्यानंतर त्यांनी भोकरची वाट सोडली.

आता सटवाजींच्या मुलीचं, गीतांजलीचं लग्न ठरलं होतं. आमच्याकडे नवरीला बोहल्यावर मामा घेऊन येतो आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. गीतांजलीला सख्खा मामा एकच. सटवाजींनी मुरुडला पत्रिका पाठवली, पण फोन केला नाही. "आला तर आला," ते म्हणायचे. शिवकांताबाई मात्र घरात कोणी नसलं की गोधड्या उचलून मला बघायच्या आणि म्हणायच्या, "येईल ना रे?"

मला काय माहीत असणार? पण तेव्हापासून मीही वाट बघायला लागलो.

लग्नाच्या दिवशी त्यांनी मला पदराखाली धरून मंगल कार्यालयात आणलं आणि भगव्या फेट्यांच्या पिशवीत अगदी तळाशी ठेवलं. भाऊ दारात दिसला की मला काढायचं, असं त्यांनी ठरवलं असावं. पण नवरीच्या आईला त्या दिवशी श्वास घ्यायला तरी वेळ मिळतो का? कोणी ओटीचं सामान विचारत होतं, कोणी किल्ल्या मागत होतं. मी पिशवीतच राहिलो.

सगळ्यांत आधी आलेले पाहुणे होते रुद्रेशसाहेब आणि त्यांच्या पत्नी रत्नम्मा. साहेब कर्नाटकातल्या बल्लारीकडचे. बँकेत बदली होऊन नुकतेच भोकरला आले होते. सटवाजींनी बँकेत सगळ्यांना पत्रिका दिल्या होत्या, आले हे दोघंच. आणि आले तेही पत्रिकेवर छापलेल्या वेळेला! तेव्हा खुर्च्या मांडणाऱ्या माणसांखेरीज तिथे कोणी नव्हतं. दोघं पहिल्या रांगेत आहेराचा डबा मांडीवर घेऊन ताठ बसून राहिले. रत्नम्मा हळूच पत्रिका काढून तारीख पुन्हा वाचत होत्या.

हळूहळू मांडव भरला. फेटे बांधणारा आला आणि भराभर डोकी बांधू लागला. नवरीचे काका ज्ञानोबा पाहुण्यांचा मान बघत होते. त्यांचं लक्ष रुद्रेशसाहेबांकडे गेलं आणि ते ओरडले, "अरे, साहेब बोडखेच हायत की! बाहेरगावचा पाव्हणा असा बसवायचा का?"

"फेटे सरले, काका."

"सरले कसे? पिशवी झटक."

पिशवी झटकली, आणि मी बाहेर पडलो.

मी कोणासाठी आहे हे ज्ञानोबांना कसं कळणार? त्यांना मी कधी दाखवलेलोच नव्हतो. उलट ते खूश झाले. "बघा! साहेबांच्या नशिबात भारीतला निघाला." साहेब "नको, नको" म्हणत होते, पण आमच्या माणसांना पाहुण्याचा नकार ऐकू येत नाही. पाहता पाहता मी त्यांच्या डोक्यावर बांधला गेलो आणि टाचणीही लागली. मला ओरडावंसं वाटलं. शिवकांताबाई तर आता येणारही नव्हत्या. नवरीच्या आईने अक्षता बघायच्या नसतात, म्हणून त्या मागच्या खोलीत कुंडीतल्या तुळशीला पाणी घालत बसल्या होत्या.

रुद्रेशसाहेब चांगले उंच आहेत. त्यांच्या डोक्यावरून मला सगळा मांडव दिसत होता. फाटकाबाहेर जनरेटरजवळ एक माणूस उभा होता. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. तो आत येत नव्हता आणि जातही नव्हता. मान उंच करून बघायचा आणि कोणी बघितलं की जनरेटरकडे तोंड फिरवायचा. त्याचं नाक हुबेहूब शिवकांताबाईंसारखं होतं. आणि कपाळ लहान.

आदिनाथमामा आले होते! पण फाटकापर्यंतच.

एवढ्यात भटजींनी माइकवर हाक दिली, "नवरीचे मामा, नवरीला घेऊन या."

कोणीच उठलं नाही. भटजींनी पुन्हा हाक दिली. सटवाजी जमिनीकडे बघत राहिले. तिकडे फाटकाबाहेरच्या माणसाने एक पाऊल पुढे टाकलं आणि परत घेतलं. बोलवायला माणूस यावा, असं त्याला वाटत असणार.

नवरदेवाकडच्या मंडळींना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की सगळ्यांचे फेटे भगवे आणि एकाचाच डाळिंबी, जरीचा. "अहो, मामा तर इथंच बसलेत! उठा की मामा, मुहूर्त चाललाय!" चार हातांनी साहेबांना उठवलं. "मी नाही, मी बँकेचा…" ते म्हणत होते, पण नेमका तेव्हाच बँडवाल्यांना जोर आला. रत्नम्मांना वाटलं, इकडची पद्धत असेल. त्यांनी मोबाइल काढून फोटो घेतला.

गीतांजलीने खोलीच्या दारात वर पाहिलं. मामा म्हणून कोणी तरी अनोळखी साहेब घाम पुसत उभे होते. तिचे डोळे भरले. साहेब हळू आवाजात म्हणाले, "सॉरी हं." मग मागून रेटा आला आणि दोघं बोहल्यापाशी पोचले. अंतरपाट धरला गेला.

फाटकाबाहेरच्या माणसाने हे सगळं पाहिलं. भाचीच्या पाठीशी आपल्या जागेवर भलताच कोणी उभा आहे, हे पाहिलं. मग मात्र त्याला मान आठवला नाही आणि टॉवेलही आठवला नाही. माणसं बाजूला सारत, खुर्च्या पाडत तो आला.

"ओ पाव्हणं! सरका! भाची माझी हाय ती!"

"घ्या, घ्या," रुद्रेशसाहेब इतक्या आनंदाने म्हणाले की पहिली रांग हसली. "मी पण सगळ्यांना तेच सांगत होतो."

पुढच्या खुर्चीवर नवरीच्या आत्याबाई साखराबाई बसल्या होत्या. त्या कोणाला सोडत नाहीत. "आलास व्हय रे आदिनाथ? अक्षता काय जनरेटरवर टाकणार हुतास?"

साहेबांनी मला टाचणीसकट उचललं आणि मामांच्या डोक्यावर ठेवलं. मी थेट त्यांच्या भुवयांवर उतरलो. एका हाताने मला सावरत आणि दुसरा हात भाचीच्या खांद्यावर ठेवत मामा उभे राहिले. गीतांजलीने मागे न बघताच तो हात घट्ट धरला. भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली. ज्वारीच्या रंगीत अक्षता माझ्यावर पडू लागल्या, तेव्हा माझी प्रत्येक घडी सैल झाली. एवढं हलकं मला दुकानातसुद्धा वाटलं नव्हतं.

नंतर मामा मागच्या खोलीत गेले. तुळशीची कुंडी पाण्याने काठोकाठ भरली होती, तरी शिवकांताबाई पाणी घालतच होत्या. त्यांनी आधी मला पाहिलं, मग भावाला.

"वाकडा बसलाय," त्या म्हणाल्या आणि मला सरळ करू लागल्या. "जेवलास का?"

"आधी तू जेव," मामा म्हणाले.

सटवाजी दारात येऊन उभे होते. त्यांच्या हातात टॉवेल-टोपी होती. मामांनी टॉवेल उलगडून चारही कोपरे नीट तपासले.

"नवा हाय," सटवाजी म्हणाले. "वास घेऊन बघ."

मामांनी खरंच वास घेतला. मग तिघंही हसले आणि शिवकांताबाई हसता हसता रडल्या.

जेवणाच्या पंगतीत मामांनी मला उतरवून परत रुद्रेशसाहेबांच्या डोक्यावर ठेवलं. "पाव्हण्याचा मान काढून घेतलेला बरा दिसत न्हाई," ते म्हणाले. "आन् तुम्ही उभे न्हाई राहिले असते तर मी तिथंच थांबलो असतो. लई उपकार झाले बघा."

तेव्हापासून मी रत्नम्मांच्या कपाटात राहतो. शेजारी त्यांच्या रेशमी साड्या आहेत. त्या कन्नडमध्ये बोलतात, आता मला थोडं थोडं समजतं. गीतांजली फोन करते तेव्हा साहेबांना 'धाकले मामा' म्हणते, आणि साहेब प्रत्येक वेळी लाजतात. आज तिच्या बाळाचं बारसं आहे. रत्नम्मा सकाळपासून मोबाइलवर बघून मला बांधायला शिकत आहेत. दोनदा मी सुटलो. तिसऱ्यांदा बरा बसलोय. खाली आदिनाथमामा बोलवायला आलेत.

निघण्याआधी तुम्हाला एक विनंती करतो. तुमच्या घरी लग्न निघेल तेव्हा मांडवातल्या माणसांना फेटे जरूर बांधा, पण एकदा फाटकापर्यंतही जाऊन या. तिथे कोणी इस्त्रीचा सदरा घालून उगाच उभा असेल, तर त्याला काही विचारू नका, फक्त त्याचा हात धरून…

"ओ धाकले मामा! उतरा की खाली! पाळणा काय तुमच्यासाठी थांबणार हाय का?"