तडकलेला हीटर आणि गेंड्याचा कोपरा

अहो, इकडे वर बघा ना! गॅरेजच्या दाराशी खिळ्याला टांगलेली काचेची नळी दिसतेय? शेपटी कापलेली? तोच मी. माशांच्या टाकीतला हीटर. पाचशे वॅटचा, हं! वायर कापलीये माझी, पण तोंड नाही कुणी बंद केलेलं, त्यामुळे मी बोलणार.

कारखान्यात तारेचं वेटोळं केलं, काचेच्या नळीत घातलं, डोक्यावर रबरी टोपी बसवली, की झालो मी तयार. सोबत सूचनांचा कागद होता. आमच्या बाबांनी तो उलगडला, मागच्या कोऱ्या बाजूवर टाकीची मापं लिहिली आणि पेन्सिल परत कानाला लावली. पुढची बाजू कुणी वाचलीच नाही. माझं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

बाबा म्हणजे सुतार. चाळीस वर्षं लोकांची कपाटं केली, मग गुडघ्यांनी दगा दिला आणि काम सुटलं. घरात नुसते बसून असायचे. दोन्ही हात मांडीवर, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत आणि यांच्याकडे सांभाळायला दिलेत. मग एके दिवशी उठले, गाडी रस्त्यावर नेऊन लावली आणि गॅरेजमध्ये प्लायवूडची टाकी बांधायला घेतली. आठ फूट लांब! आतून रंगाचे जाड थर, पुढे काच, एका टोकाला लोखंडी नळ. हजार लिटर पाणी, आणि ते गरम ठेवायला मी एकटा. दमछाक काय असते ते मला विचारा.

आई म्हणाली, "नवऱ्यानं गाडीला घराबाहेर काढलं नि माशांना घरात घेतलं. आता माझा नंबर कधी?"

"तू आधी पोहायला शिक," बाबा म्हणाले.

टाकीत मासे दहा-बारा, पण राजा एकच. गेंड्या. काळाकुट्ट, अंगावर केशरी डाग, चांगला ताटलीएवढा. बाबा रोज सकाळी कोपरापर्यंत हात पाण्यात घालायचे आणि हा पठ्ठ्या येऊन त्यांच्या तळहाताला अंग घासायचा. मांजरासारखा! बाबांचा चेहरा तेव्हा असा काही फुलायचा, की मलाच ऊब यायची. पाणी किती गरम आहे तेही ते हातानंच बघायचे.

"थर्मामीटर लाव ना बाबा," मुलगी म्हणायची. ही लिफ्ट दुरुस्त करते, दर रविवारी घरी येते. बाबा तिला ठमे म्हणतात.

"चाळीस वर्षांचे हात आहेत हे, ठमे."

"म्हणूनच म्हणतेय. तुझ्या तळहातावर चहा उकळला तरी तुला कळायचं नाही. आणि पाणी बदलताना आधी प्लग काढायचा. ऐकतोयस ना?"

"हो गं बाई, हो."

कसलं हो! थंडी पडली होती. मला बंद केलं तर गेंड्या गारठेल, ही बाबांची भीती. म्हणून पाणी बदलायला घेतलं तेव्हा त्यांनी मला मुद्दाम चालूच ठेवलं. मायेपोटी हो! अर्धं पाणी उपसलं आणि मी उघडा पडलो. एरवी माझा ताप पाणी घेतं. हवेत तो जाणार कुठे? नळी नुसती फणफणली. आणि वरून बाबांनी गार पाण्याचा पाइप सोडला.

टच्च!

केसाएवढी चीर. बाबांना ऐकूसुद्धा आलं नाही. माझा दिवा लागलेला, पाणी कोमट, सगळं झकास दिसत होतं. पण चिरेतून पाणी आत आलं होतं आणि माझ्यातली वीज पाण्यात पाझरून त्या लोखंडी नळातून जमिनीकडे ओढ घेत होती.

दुसऱ्या दिवशी बाबांनी हात घातला, तर गेंड्या आलाच नाही. टाकीच्या पार वरच्या कोपऱ्यात, काचेला चिकटून उभा. तिसऱ्या दिवशीही तेच.

"रुसलाय माझ्यावर," बाबा आईला म्हणाले. आवाज पार बारीक. "काय चुकलं माझं, कळत नाही."

मी दिवा मिणमिणवून पाहिला. बाबा म्हणाले, "व्होल्टेज कमी झालं वाटतं." आता काय बोलणार? हाताला घट्टे, पायात जाड रबरी स्लिपर. या माणसाला काही म्हणजे काही जाणवत नव्हतं, आणि तो रोज माझ्या शेजारी कोपरापर्यंत हात घालून त्या माशाची समजूत काढत होता.

रविवारी ठमी आली. चपला दाराशी काढल्या, फरशी ओली, बोटाला कामावरची जखम. "काय रे गेंड्या, कशाला छळतोस बाबाला?" म्हणत तिनं बोटं पाण्यात घातली आणि किंचाळून मागे आदळली.

बाबा धावले. एका हातानं त्यांनी आधाराला लोखंडी नळ धरला आणि पाण्यात काय आहे ते बघायला दुसरा हात...

"बाबा, हात मागे!" ती उठली कशी आणि मेन स्विचपर्यंत पोचली कशी, देव जाणे. खट्! गॅरेज अंधारलं.

"अगं, झालं काय?"

"पाण्यात करंट आहे."

"छे! मी रोज घालतो हात. मला काही होत नाही."

"रोज?" तिनं त्यांच्या स्लिपरकडे पाहिलं. मग नळाकडे पाहिलं. "रबरानं वाचवलं तुला, पण आज नळ धरून हात घातला असतास तर..."

प्लग उपटून तिनं मला बाहेर काढलं आणि दारातल्या उजेडात धरलं. बाबांनी चिरेवरून बोट फिरवलं. काही लागलं नाही. मग नखानं पाहिलं, तेव्हा कळलं. ते गेंड्यासमोर येऊन बसले.

"म्हणजे तो रुसला नव्हता."

"टाकी बंद, बाबा. मासे देऊन टाकू कुणाला तरी."

बाबांचे हात परत मांडीवर. ते बघून बोलली कोण? आई! "हे असे बसलेले मला नाही बघवत. मोठमोठ्या लिफ्टा नीट करतेस ना? मग ही एक टाकी नीट कर."

मग काय, घरात एकच धांदल! पाणी गार होऊ नये म्हणून बाबांनी टाकीला तिन्ही बाजूंनी थर्माकोल लावलं, वर प्लायवूडचं झाकण ठेवलं, आईनं रजया आणून पुढची काच झाकली. आणि गंमत बघा, मी नसतानासुद्धा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाणी फक्त चार अंशांनी उतरलं. हे थर्मामीटरनं सांगितलं, हातानं नाही! एवढे दिवस मी गॅरेजची हवाच तापवत होतो म्हणायचं.

ठमीनं सुट्टी टाकली. माझ्याऐवजी दोन लहान हीटर आले, टाकीच्या दोन टोकांना, प्लास्टिकच्या जाळीत. एकानं दगा दिला तर दुसरा आहे. लोखंडी नळ गेला, प्लास्टिकचा आला. पाणी ठरलेल्या उबेला पोचलं की वीज तोडणारा वेगळा यंत्रोबा भिंतीवर कोरड्यात बसला. शिवाय करंट गळताच क्षणात खटका पाडणारा स्विच. प्रत्येक वायर बोर्डाच्या खाली झोळ देऊन मग वर नेली.

"हा झोळ कशाला?" बाबा.

"वायरीवरून पाणी ओघळलं तर इथून खाली टपकेल. बोर्डात शिरणार नाही."

बाबांनी मान डोलावली आणि करवत घेतली. झाकणाला त्यांनी लाकडी अडसर केला, थेट बोर्डासमोरून जाणारा. प्लग काढल्याशिवाय अडसर सरकत नाही, अडसर सरकल्याशिवाय झाकण उघडत नाही.

ठमीनं दोनदा ओढून पाहिला. "बाबा, हे माझ्या डोक्यात नसतं आलं."

"मला माझा भरवसा नाही ना," बाबा म्हणाले.

मग माझी वायर कापून त्यांनी मला इथे टांगलं आणि खाली पेन्सिलीनं लिहिलं: आधी प्लग, मग हात. मला राग नाही हो. तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी असेल, तर एवढंच करा: त्या कागदाची पुढची बाजू वाचा. आमच्यात बिघाड झाला तर आम्हाला ओरडता येत नाही.

गेंड्या लगेच नाही आला. चार दिवस रोज सकाळी बाबांनी प्लग काढले, अडसर सरकवला, हात घातला आणि नुसता रिकामा हात पाण्यात धरून उभे राहिले. पाचव्या सकाळी तो कोपरा सोडून निघाला. अर्ध्यात थांबला. माझी जुनी जागा होती ना, तिथे. मी इथे खिळ्यावर श्वास रोखून!

मग तो आला, आणि त्यानं अंग घासलं.

"अगं ए, ऐकलंस का!" बाबा ओरडले. "आला गं!"

"हलू नका," आतून आई म्हणाली, "मी बघायला येतेय."