नऊ सुतांची फौज

सुकन्या खर्ड्याच्या शाळेच्या सभागृहात पोचली तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते आणि तिच्या वडिलांची फौज काचेच्या पेटीत बसली होती.

पेटी सुरेख होती यात वाद नव्हता. तिच्या चुलतभावाने, आदिनाथने, नागापूरच्या आपल्या वर्कशॉपमध्ये ती स्वतः केली होती. अ‍ॅल्युमिनियमची चौकट, आत हिरवं रंगवलेलं प्लायवूड. त्यावर मराठ्यांचे घोडेस्वार, बंदूकवाले, तोफा अशा ओळी लावलेल्या. समोर निजामाची माणसं, सगळी आडवी पाडलेली. पुढच्या बाजूला पाटी: कै. सहादेव यांच्या स्मरणार्थ.

"कसं वाटतंय, ताई?" आदिनाथने विचारलं. "झाकणाचे स्क्रू तेवढे राहिलेत. तुझी वाट बघत हुतो."

सुकन्याने झाकण सरकवलं आणि एक घोडेस्वार उचलायला हात घातला. तो उचलला जाईना.

"चिकटवलेत?"

"मग! पोरं हात लावत्यात. एकेकाखाली दोन-दोन थेंब फेविक्विक. भूकंप झाला तरी हलनार न्हाईत."

आज अकरा वाजता इथे खर्ड्याची लढाई खेळली जाणार होती. लढाईच्या स्मृतिदिनी, गावासमोर, पटावर, फाशांनी. तसा शब्द तिच्या वडिलांनी, अण्णांनी, गावाला दिला होता आणि डिसेंबरात ते गेले. वर्ष सरायच्या आत मुलीने असल्या खेळाला बसू नये, असं मिरजगावच्या घरी तिला तीन जणींनी सांगितलं होतं. तिघींचं ऐकून घेऊन ती निघून आली होती.

अण्णा एकतीस वर्षं नागापूरच्या कारखान्यात लेथवर टर्नर होते. त्यांचा प्रत्येक सैनिक नऊ सुतांचा. इंचाची आठ सुतं हे माप त्यांच्या बोटांत मुरलेलं होतं, आणि पट्टी न लावता त्यांचा माणूस कधी सव्वानऊचा झाला नाही. जळालेल्या मोटारींच्या तांब्याच्या तारेचा सांगाडा, त्यावर एम-सीलचं अंग, ज्वारीच्या ताटातल्या मऊ भेंडाचे तंबू आणि अंबाऱ्या, पायाखाली लोखंडी वायसर, नटाखाली घालतात ती चकती. आधी रेडऑक्साइडचा हात, मग दोन केसांच्या ब्रशने रंग. डोळे ते काढत नसत. भुवईखाली सावली दिली की माणूस आपोआप बघायला लागतो, म्हणत. लढाईचे नियम त्यांनी एका वहीत स्वतः बसवले होते: घोडा किती बोटं धावतो, तोफ कुठवर पोचते, कितीचा फासा पडला की पलटण मोडते. पहिल्या पानावर एकच ओळ होती. निकाल आधी ठरवायचा नाही.

नऊ वर्षांत, मित्र राधाकृष्णकाकांबरोबर, त्यांनी खर्डा एक्केचाळीस वेळा लढला. निजाम सतरा वेळा जिंकला.

"ही माणसं आडवी कोणी पाडली?" सुकन्याने विचारलं.

"मी सांगितलं." मागून आवाज आला. गोरक्षनाथतात्या, कार्यक्रमाचे अध्यक्ष. टोपी डोक्यावर, हातात हारांची पिशवी. त्यांच्यामागे राधाकृष्णकाका, पोस्टातून निवृत्त झालेले, पटाची गुंडाळी काखेत घेऊन अपराध्यासारखे उभे. "पोरी, तुझा बाप लई गुनी मानूस. पन मी काकांना इचारलं, खेळात निजाम जिंकतो का? तर म्हनले, कधीकधी जिंकतो. आता खर्ड्यात, खर्ड्याच्याच लढाईच्या दिवशी, निजाम जिंकला तर? शेवगाव-पाथर्डीपर्यंत हसत्यात लोक. त्यापरीस हे बरं. काचंत घातलं, हार घातला, नारळ फोडला."

"तात्या, ह्या आडव्या पडलेल्यांत मराठेही आहेत."

"कुठं?"

"हे बघा, भगव्या-पांढऱ्या पागोट्यांचे. निजामाच्या चाकरीतले. तुमचा किल्ला त्यांच्यातल्याच एका सरदाराने बांधलाय."

तात्यांनी वाकून पाहिलं आणि सरळ झाले. "ते असू दे. जिंकलो का न्हाई आपन?"

"त्या दिवशी जिंकलो. आज खेळायचंय. जिंकायचं असेल तर खेळून जिंका."

"आता काय खेळनार?" आदिनाथ म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता आणि त्याखाली दुखावलेपण. "उपटायला गेलीस तर तंगड्या हातात येतील."

खरं होतं. उपटले असते तर तारेचे पाय वायसरसकट मागेच राहिले असते. सुकन्याने किरकोळ डागडुजीसाठी आणलेली अण्णांची पत्र्याची पेटी उघडली. त्यातून बारीक हातोडी आणि बोथट छिन्नी काढली. तो गोंद वर ओढायला बैलासारखा ताकदवान, पण बाजूच्या फटक्याला काचेसारखा फुटतो. हे टर्नरच्या मुलीला कॉलेजात जायच्या आधी माहीत असतं. तिने छिन्नी वायसरच्या कडेला आडवी टेकवली आणि एक टिचकी मारली. टक. घोडेस्वार सुटून दोन बोटं सरकला. धडधाकट होता. भाल्याचं टोकही वाकलं नव्हतं.

"अशी किती मारनार? दीडशे हायेत," तात्या म्हणाले.

"एकशे बेचाळीस."

टक. टक. राधाकृष्णकाकांनी पट जमिनीवर ठेवला, खुर्ची ओढली आणि सुटलेला एकेक सैनिक उचलून टेबलावर मांडायला लागले. खिचडीची भांडी घेऊन आलेल्या रतनबाई दारातच थांबल्या. आदिनाथ हाताची घडी घालून बघत राहिला. साठाव्याच्या आसपास त्याने एक बंदूकवाला उचलला, उलटा केला आणि तो चपापला.

"ताई. खाली तारखा हुत्या का गं?"

होत्या. प्रत्येक वायसरच्या तळाला, सैनिक पुरा झाला त्या दिवसाची तारीख अण्णा काळ्या पेनने टाकत. उभ्या सैनिकांची शाई गोंदाने सोलून घेतली होती. वायसर कोरे निघाले होते, आणि हिरव्या प्लायवूडवर चकत्या-चकत्यांत उलटे आकडे राहिले होते. शेवटची ओळ गेल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरची. तेव्हा त्यांना ब्रश धरता यावा म्हणून सुकन्या त्यांच्या कोपराखाली उशी देत असे. ती त्या ओळीकडे बघत राहिली. थकल्या हाताने काढलेला एक पाच तिला चटकन वाचता आला नाही.

"मला म्हाईत नव्हतं गं," आदिनाथ म्हणाला. "आईशप्पथ."

"दुसरी छिन्नी आहे पेटीत," ती म्हणाली. "आडवी धर. वर उचलू नकोस."

तो बसला. मग टकटक दुहेरी झाली.

अकराच्या आत एकशे बेचाळीस सुटले. दोघांचे पाय गेले, एका उंटाची मान. काकांनी पट अंथरला, ओढा, टेकाड, किल्ल्याचा दरवाजा. सभागृह भरलं होतं. मराठ्यांच्या बाजूने खेळायला सात हात वर झाले. निजामाकडून एकही नाही.

सुकन्या उठली आणि निजामाच्या खुर्चीवर जाऊन बसली.

कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं, बाप जाऊन तीन महिने न्हाई झाले. तिने फासे पुढे सरकवले आणि सात हातांकडे न बघता तात्यांकडे बघितलं. "पहिला मान अध्यक्षांचा."

"मी न्हाई बसनार. हरलो तर?"

"भ्याले व्हय तात्या?" रतनबाई भांड्यामागून म्हणाल्या. "नऊ सुताच्या मानसाला?"

सभागृह हसलं. तात्यांचे कान लाल झाले. त्यांनी हारांची पिशवी खाली ठेवली आणि खुर्ची अशी ओढली की फरशी किंचाळली.

पहिल्या चालीत त्यांनी सगळं घोडदळ एकदम सोडलं, सरळ तोफांवर. सुकन्याने फासे टाकले. सहा, पाच, सहा. आठ स्वार गेले. कोणी हसलं नाही. तात्यांनी त्यातला एक बोटाने आडवा पाडला.

"आडवा नाही करायचा," ती म्हणाली. "उचलून पटाच्या कडेला ठेवायचा. उभा. तोंड लढाईकडे."

"मेल्यावर?"

"अण्णांचा नियम आहे."

तात्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग आठही स्वार एकेक करून उचलले, कडेला रांगेत लावले, एकाचं तोंड वळलं होतं ते नीट फिरवलं. टोपी काढून मांडीवर ठेवली. वाकून डोळे पटाच्या पातळीला आणले आणि बराच वेळ ओढ्याकडे बघत राहिले.

"काका, वढ्यातनं घोडा किती चालतो?"

"निम्मा."

"आन तिच्या तोफंला वढ्यातलं दिसतं का?"

काकांनी वही उघडली. "नाही दिसत."

तात्या सरळ झाले. आता त्यांना खर्डा, कार्यक्रम, हार काहीच आठवत नव्हतं.

"वढ्यातनं येतो मी," ते म्हणाले.

सुकन्याने पदर खोचला आणि आपली राखीव पलटण वळवली.

"या," ती म्हणाली.